थंडीत उंदीर घरात शिरतो तो कुठून, आणि ती वाट बुजवायची कशी

आपल्याकडची थंडी उंदराला मारून टाकेल इतकी कडक नसते. त्याला घराकडे ढकलते ती काढणी. सोयाबीन, भात, बाजरी निघाली की रान उघडं पडतं, खाणं आणि आडोसा एकदमच जातो, आणि नेमकं तेव्हाच नवं धान्य पोत्यांनी घरात येतं. शेताला लागून उभ्या राहिलेल्या शहराच्या कडेच्या सोसायट्यांतही हा फरक जाणवतो. म्हणून बंदोबस्ताची वेळ ठरलेली आहे: दिवाळीची साफसफाई. माळा रिकामा होतो, कपाटं भिंतीपासून सरकतात, ओट्याखालचं सामान बाहेर येतं. त्याच दिवशी हातात विजेरी आणि एक पेन्सिल घेऊन घराची तपासणी करावी. पेन्सिल ज्या फटीतून आत जाते, तिथून घरातला लहान उंदीर जाऊ शकतो. त्याला 6 मिलिमीटर पुरतात. मोठ्या काळ्या उंदराला साधारण अर्धा इंच लागतो.

आधी कोण आलंय ते ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. जिऱ्याएवढ्या, टोकदार, 3 ते 6 मिलिमीटरच्या लेंड्या म्हणजे लहान उंदीर. अर्ध्या इंचाच्या किंवा त्याहून मोठ्या असतील तर मोठा उंदीर. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची विष्ठा, तिच्यासाठी काही करायला नको. भिंतीच्या बुडाशी मातीचा ताजा ढीग आणि मूठभर रुंद बीळ दिसलं तर घूस. आणि लांब नाकाची, उग्र वासाची, भिंतीच्या कडेने चिरचिरत पळणारी चिचुंद्री दिसली तर तिला मारू नका. ती झुरळं आणि किडे खाते, धान्याला सहसा तोंड लावत नाही. दार उघडं ठेवून तिला बाहेर काढणं पुरेसं असतं.

उंदीर रोज त्याच वाटेने जातो, भिंतीला अंग घासत. त्यामुळे भिंतीच्या खालच्या कडेला, पाइपांवर, वाशांवर तेलकट काळपट पट्टा उमटतो. वाट नक्की करायची असेल तर रात्री संशयाच्या जागी रांगोळीचा पातळ थर भुरभुरावा, सकाळी पावलं दिसतात. भोक चालू आहे की जुनं, हे कळण्यासाठी त्यात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबा. दोन रात्रींनंतर बोळा जागेवर असेल तर ती वाट बंद पडलेली आहे. ती बुजवायची असतेच, पण नंतर.

भोकं बुजवणं

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते स्वयंपाकघरातल्या सिंकखाली. सिंकचा सव्वा इंची लवचीक पाइप खाली तीन इंची तोंडात नुसता खोचलेला असतो, आणि भोवतीच्या मोकळ्या जागेतून गटारातला उंदीर आणि झुरळं दोन्ही वर येतात. मधोमध पाइपाएवढं भोक असलेली स्टीलची जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती बसवा आणि कडेने पांढऱ्या सिमेंटने पक्की करा. प्लास्टिकची जाळी घेऊ नका, उंदीर ती कुरतडतो. मोरी आणि संडास-बाथरूमच्या जाळ्याही नुसत्या ठेवलेल्या नकोत. उंदीर चांगला पोहतो आणि हलकी जाळी डोक्याने उचलतो. स्क्रूने आवळलेली, 6 मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची जाळी हवी.

गॅसचा पाइप, एसीचा पाइप, केबल यांच्यासाठी पाडलेली भोकं नेहमी गरजेपेक्षा मोठी असतात. ती भरायची रीत अशी: भांडी घासायच्या स्टीलच्या तारेच्या घासण्या ओढून सैल करा, पेचकसाने दाबून दाबून भोकात घट्ट कोंबा, आणि वरून एम-सील किंवा सिमेंट लावा. घासणी स्टीलचीच घ्या. साधी लोखंडी तार गंजते आणि एका पावसाळ्यात तिचा भुगा होतो. नुसता फोम फवारून भोक बंद करणं हा सध्या सर्रास होणारा चुकीचा उपाय आहे. फोम दिसायला भक्कम दिसतो, पण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात आणि तो मऊ वस्तू सहज पोखरतो. फोम वापरायचाच असेल तर आत तार भरल्यानंतर. एम-सीलचे दोन्ही गोळे समान घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळा. रेषा राहिल्या तर ते नीट कडक होत नाही.

लाकडी दारांची गोष्ट वेगळी. पावसात फुगलेलं दार घासतं म्हणून श्रावणात रंधा मारून घेतला, की पौषात तेच दार आकसतं आणि खाली बोटभर फट पडते. पुष्कळ घरांत उंदराचा रस्ता हाच असतो, आणि नव्या फ्लॅटमध्ये उंबराच नसल्याने तो अधिकच सोपा. रंधा मारायचाच तर कमीत कमी मारावा, आणि थंडीत दाराच्या खालच्या कडेला बाहेरून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याची चार इंची पट्टी स्क्रूने लावावी, जमिनीपासून 5 मिलिमीटरपर्यंत. रबराची किंवा ब्रशची पट्टी हवा आणि झुरळं अडवते. उंदीर अडवायला तिच्यामागे पत्रा लागतो.

कौलारू घरात भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामधली वळचणीची फट, पत्र्याच्या घरात पन्हाळीची टोकं, या मोठ्या उंदराच्या वाटा. तिथे 6 मिलिमीटर गाळ्याची वेल्डेड जीआय जाळी खिळ्यांनी ठोका. हवा खेळती राहते, उंदीर थांबतो. नायलॉनची मच्छरजाळी इथे उपयोगाची नाही. छपरावर आलेल्या फांद्या किमान चार फूट मागे छाटा, आणि सरपणाचा ढीग भिंतीला टेकवू नका.

घुशीचं बीळ नुसत्या मातीने भरलं तर ती दुसऱ्या रात्री उकरते. आधी पाणी सोडून बीळ कुठवर जातं ते पाहा (पायाजवळ असेल तर पाणी नको, माती खचते). मग दगडगोटे आणि फुटक्या काचा खोल ढकला, वरून एक माप सिमेंट, तीन मापं वाळूचा माल भरा आणि तीन दिवस पाणी मारा. काच भरताना जाड हातमोजे घालाच.

आत राहिलेले पकडणं

वाटा बंद झाल्या की आत अडकलेले उंदीर भुकेले होतात आणि सापळा खऱ्या अर्थाने चालतो. उलट क्रमाने केलं तर पकडाल तितके नवे येत राहतात. लहान उंदराची मादी तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं घालते.

लहान उंदीर बिळापासून फार लांब जात नाही, त्यामुळे घरभर एक पिंजरा फिरवत बसण्यापेक्षा स्वयंपाकघरात पाच-सहा चाप एकाच रात्री लावावेत, सहा-सात फुटांच्या अंतराने. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. आमिष मटाराएवढंच पुरे: भाजलेलं खोबरं, शेंगदाण्याचा कूट गुळात मळून, किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा, दोऱ्याने बांधून. मोठं आमिष ठेवलं की उंदीर कडेने खाऊन निघून जातो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून त्याच्यासाठी चाप दोन-तीन रात्री न चढवता नुसतं खाणं ठेवून राहू द्यावा, तो निर्धास्त झाला की चढवावा. पिंजऱ्यातला उंदीर गल्लीच्या टोकाला सोडला तर परत येतो. चिकट फळी टाळा: त्यात जीव तासन् तास तडफडतो, आणि पाली व चिमण्याही अडकतात.

विषाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. पिवळ्या फॉस्फरसची उंदीर मारायची पेस्ट घरात आणू नका. ती पोटात गेली तर यकृत निकामी होऊ शकतं आणि तिच्यावर उतारा नाही. झिंक फॉस्फाइडवरही नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्या त्यामानाने कमी धोक्याच्या, कारण व्हिटॅमिन के देऊन उपचार होऊ शकतो. पण उंदीर काही दिवसांनी, कुठेतरी माळ्यात किंवा भिंतीच्या पोकळीत मरतो आणि वास घर सोडत नाही. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा नवं अंग शोधतात, हेही लक्षात ठेवा; 1897 साली पुण्याने प्लेगचे दिवस पाहिले ते याच साखळीतून. डांबराच्या गोळ्या आणि आवाज करणारी यंत्रं यांनी बसलेला उंदीर हलत नाही.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे घालून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा आणि जुन्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. उंदराच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) संसर्ग होतो, म्हणून हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

धान्य पत्र्याच्या कोठीत, झाकण घट्ट. पोती ठेवायचीच तर फळ्यांवर, जमिनीपासून आणि भिंतीपासून एकेक फूट सोडून, म्हणजे मागे झाडू जातो आणि लेंड्या दिसतात. फ्रिजच्या मोटारीशी उबेला जमलेल्या झुरळांसाठी तांदळाच्या दाण्याएवढे जेलचे ठिपके लावा. तिथे फवारा मारू नका, फवारलेल्या जागी झुरळं जेल खात नाहीत.

चाप लगेच काढू नका. रांगोळीवर सलग तीन रात्री पाऊल उमटलं नाही, की मग काढा.