जुन्या बोलेरो पिकअपच्या इंजिनाचे पार्ट निवडताना

‘बोलेरो पिकअपचा पिस्टन द्या’ एवढं सांगून दुकानात जाऊ नका. २५२३ सीसीचं इंजिन जुन्या मेकॅनिकल पंपवाल्या डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) प्रकारात आलं आणि नंतर कॉमन रेलमध्येही (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून डिझेल). सीसी तोच, पण इंजेक्टर सिस्टिम वेगळी. म्हणून आधी ब्लॉकवरचा इंजिन नंबर आणि चॅसी नंबर लिहून घ्या. इंजिन आधी बदललेलं असेल तर आरसीवर विसंबू नका.

या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८८.९ मिमी. झीज बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडव्या-उभ्या दिशेने मोजा. बोरिंग (झिजलेला सिलिंडर कापून मोठा करणं) करायचं ठरलं तर पिस्टन आधी आणा, मोजा, मगच ब्लॉक लेथवाल्याकडे द्या. उलटं केलं की क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, बिघडते. ०.५० मिमी ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठ्या) पिस्टनला रिंगाही ०.५० च्याच. क्रँक ०.२५ मिमीने घासला असेल तर बेअरिंग ०.२५ अंडरसाइझ (बारीक झालेल्या क्रँकच्या मापाचं) लागेल. जुन्या बेअरिंगच्या पाठीवरचा आकडा बघा.

सगळ्यात जास्त घोळ हेड गॅस्केटमध्ये (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) होतो. जाडी ठरते पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावरून, आणि तो डायल गेजने मोजावा लागतो. पातळ बसवलं तर पिस्टन व्हॉल्व्हला लागू शकतो. जाड बसवलं तर कॉम्प्रेशन पडून गाडी सकाळी लवकर स्टार्ट होत नाही.