गाडीखाली वाकण्याआधी

जॅक सगळ्यात शेवटी काढायचा. स्टीअरिंगचा किंवा सस्पेन्शनचा आवाज शोधायचा म्हटलं की लोक थेट चाक खोलायला बसतात. निम्मं काम त्याआधीच होतं, तेही कपडे न मळवता. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसणार असाल तर आठवडाभर आवाजाची नोंद ठेवा. एक चाक खड्ड्यात गेल्यावर येतो की दोन्ही चाकं स्पीडब्रेकरवर एकदम चढल्यावर? सरळ जाताना की वळताना? ‘पुढून खटखट येतं’ एवढ्याने काही कळत नाही. ‘पेव्हर ब्लॉकवर २० च्या स्पीडने येतं, ब्रेक हलका दाबला की बंद’ असं लिहिलंत तर संशय सस्पेन्शनवरून ब्रेक पॅडवर आणि ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरवर जातो.

शनिवारी रात्री डिकी रिकामी करा. स्टेपनीचा ढिला बोल्ट, जॅकचा दांडा आणि सीटखाली लोळणारी पाण्याची बाटली यांनी भल्याभल्यांना शॉकर बदलायला लावलेत. स्टेपनी बाहेर काढून ठेवा, ती पुढे लागणार आहे. टायरची हवाही बरोबर करून घ्या.

फेरीचे रस्ते आधी ठरवा आणि सकाळी सातच्या आत निघा. खटखटीसाठी उखडलेली गल्ली घ्या, शक्यतो कंपाउंडच्या भिंतीला लागून, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून खिडकीतून परत येतो. एसी आणि गाणी बंद, काचा खाली. घुमणाऱ्या आवाजासाठी मुंबईच्या ईस्टर्न किंवा वेस्टर्न एक्सप्रेस हायवेचा मोकळा पट्टा लागतो. स्टीअरिंग किंचित उजवीकडे वळवल्यावर घूंऽऽ वाढलं तर बहुधा डाव्या चाकाचं बेअरिंग. वळवून काहीच फरक पडला नाही तर टायरची झीज बघा. उड्डाणपुलाच्या सांध्यांवरची धडधड आणि काँक्रीटच्या जोडांवरचं ठराविक अंतराने येणारं थप्-थप् रस्त्याचं आहे, गाडीचं नाही. शेवटी मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरा. कटकटकट आलं आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं तर ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या जॉइंटचं रबरी बूट फाटलंय.

आता मदतनीस. एकट्याने हे काम होत नाही. घरातलं कोणीही चालेल, फक्त ‘हळू फिरव’ म्हटल्यावर हळू फिरवणारं हवं. बॉनेट उघडून शॉकरच्या वरच्या माउंटवर (तो बॉडीला जोडलेला असतो तिथे) तळहात ठेवा आणि त्यांना स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. स्प्रिंग अडकून मग ‘टण्’ करून सुटली तर हाताला चक्क झटका बसतो. ते माउंटचं बेअरिंग. मग तुम्ही पेडलपाशी वाका, स्टीअरिंगच्या शाफ्टचा सांधा बोटांत धरा आणि त्यांना स्टीअरिंग इंचभर इकडे-तिकडे हलवू द्या. आवाज केबिनमधून येत असेल तर तो इथे सापडतो. पूर्ण वळवून धरल्यावरची कुंई जुन्या हायड्रॉलिक गाड्यांची. तिथे ऑइलची पातळी बघा. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टीअरिंग इलेक्ट्रिक असतं, त्यामुळे ऑइलची डबी शोधत बसू नका. स्पीडब्रेकरवर करकर येत असेल तर पाण्याची स्प्रे बाटली भरून ठेवा आणि एकेका बुशवर (सांध्यातल्या रबरावर) मारत गाडी दाबा. ज्यावर मारल्यावर करकर क्षणभर थांबते, तो बुश सुकलाय. इंजिन ऑइल मात्र रबरावर अजिबात ओतू नका, आवाज थांबेल आणि रबर फुगेल.

इथपर्यंत सापडलं नाही तरच जॅक. गाडीसोबत आलेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर अंग गाडीखाली घालायचं नाही. उचललेल्या गाडीचं वजन पेलणाऱ्या स्टँडची जोडी आणा, कोणाकडून मागून आणली तरी चालेल. पोडियम पार्किंगचा उतार टाळा. पावसात भिजलेले पेव्हर जॅकखाली खचतात, म्हणून जाड प्लायचा तुकडा हवा. मागच्या चाकांना विटा लावा, हँडब्रेक ओढा, आणि बाहेर काढलेली स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवा. हातमोजे, टॉर्च आणि एक छोटी पहार जवळ ठेवा.

चाक घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा: खेळ (ढिलेपणा) असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे सांधे. बारा आणि सहाला धरून हलवा: खेळ लागला की मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाचा भाग लोअर आर्मला जोडणारा गोल सांधा. पहारेने लोअर आर्म (चाकाला धरून ठेवणारा खालचा दांडा) हलक्या हाताने उचकून खेळ आहे का बघा. लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणारा छोटा दांडा) तपासताना दोन्ही पुढची चाकं एकदम उचललेली हवीत. एकच चाक वर असलं की स्टॅबिलायझर बारला, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, पीळ बसतो आणि ढिला लिंक रॉडही घट्ट वाटतो. मुंबईच्या खड्ड्यांत पहिला जातो तो हाच, आणि सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक, तरी बिलात मात्र अख्खं सस्पेन्शन लागतं.

चाक काढलं असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर टेकल्यावर पूर्ण आवळा, समोरासमोरच्या क्रमाने. गॅरेजला जाताना सापडलेल्या भागाचा व्हिडिओ घेऊन जा आणि जुना भाग परत मागा. टाय रॉड एंड बदलणार असाल तर अलाइनमेंटचे पैसे वेगळे धरा. शॉकर ओला होऊन गळत असेल तर पुढचे दोन्ही एकदम बदलतात. बॉल जॉइंट खुळखुळत असेल तर गॅरेज कोपऱ्यावर असलं तरी गाडी चालवत नेऊ नका, टोइंगवाल्याला बोलवा.