९८,७६,५४,३२१ चे अवयव कागदावर कसे काढायचे

मोठी संख्या दिसली की लगेच अॅप उघडू नका. कागद-पेन घ्या, आकडेमोडीला साधा कॅल्क्युलेटर चालेल. आपण ९८,७६,५४,३२१ घेऊ, तिच्यात खूप काही दडलंय.

आधी अंकांची बेरीज. ४५ येते म्हणजे ९ ने भाग जातो, उरले १०,९७,३९,३६९. याच्या अंकांची बेरीज ४७, म्हणजे ३ चा विषय संपला. २ आणि ५ चा तर प्रश्नच नाही.

आता ७, ११, १३. यासाठी तीन वेगळे भागाकार करत बसायची गरज नाही कारण ७×११×१३ = १००१, म्हणून मूळच्या आकड्याचे मागून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आलटून पालटून वजा-अधिक करायचं: ३२१ − ६५४ + ९८७ = ६५४. आता फक्त ६५४ ला भागून बघा, ७ ने बाकी ३, ११ ने ५, १३ ने ४. तिघेही बाद.

१७ ला मात्र सरळ भागाकारच करा. ६४,५५,२५७ येतात, आणि इथे थांबू नका, परत १७ ने भागा (हे दुसऱ्यांदा भागायचं लोक हमखास विसरतात), उरतात ३,७९,७२१.

आता खरी मजा. ही मूळ संख्या आहे का हे बघायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६१६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल, आणि त्या ११२ आहेत. कंटाळवाणं काम. त्याआधी एक करा, ४ ने भागून बाकी बघा. १ येते, म्हणजे दोन वर्गांची बेरीज मिळण्याची आशा आहे. ६१६ चा वर्ग वजा केला तर २६५ उरतात. मग ६१५, ६१४ असं खाली यायचं, दरवेळी नवा वर्ग काढायचा नाही, नुसते १२३१, १२२९, १२२७ असे विषम आकडे मिळवत जायचं: १४९६, २७२५, ३९५२, ५१७७, ६४००. आणि ६४०० म्हणजे ८० चा वर्ग! म्हणून ३,७९,७२१ = ६११² + ८०².

६११ आणि ८० ला सामाईक अवयव नाही, त्यामुळे ३,७९,७२१ ला फक्त ४ ने भागून बाकी १ उरणाऱ्याच मूळ संख्या भागू शकतात. निम्म्याहून जास्त काम वाचलं. उरलेल्या तपासा, एकही भागत नाही, म्हणजे ही मूळ संख्याच.

म्हणून ९८,७६,५४,३२१ = ३² × १७² × ३,७९,७२१. विभाजक किती ते घातांकांवरून कळतं, प्रत्येकात १ मिळवून गुणायचं, ३×३×२ = १८. आणि ३×१७ = ५१ ने ६११ आणि ८० दोन्हींना गुणलं की पूर्ण संख्येचेच दोन वर्ग मिळतात, ३११६१² + ४०८०². मोडून बघा, एकाचाही फरक येत नाही, मला तर हे फार आवडतं.

सरावाला १२,३४,५६,७८९ घ्या. तिचे अवयव ३² × ३६०७ × ३८०३. पण ३६०७ आणि ३८०३ दोघांनाही ४ ने भागलं की बाकी ३ उरते आणि दोघेही एकदाच आलेत, त्यामुळे तिथे दोन वर्ग शोधत बसू नका, मिळणारच नाहीत.