नवख्याला बोलतं करणाऱ्या चार वाट्या

रत्नागिरीतल्या आमच्या वाइनच्या बैठकीत नवा माणूस आला की ग्लास धरून कोपऱ्यात बसतो. "कशी वाटली?" विचारलं की "बरी आहे", संपलं. चुकीचं बोललो तर हसतील, ही धास्ती.

मग आम्ही प्रश्नच बदलला.

१. चार वाट्या मांडा: चिरलेला पेरू, लिंबाची साल, भरडलेली काळी मिरी, पिकलेली जांभळं. जांभळं नसतील तर करवंदं.
२. बाटलीला कागद गुंडाळा. नाव दिसलं की जाणकार सुरू होतात आणि नवखा आणखी मिटतो.
३. आधी वाट्या हुंगायला द्या, मग ग्लास. विचारा, "यातली कुठली आठवते?" नुसतं बोट दाखवलं तरी चालेल.
४. जुन्यांनी शेवटी बोलायचं. हे सगळ्यात अवघड!

सोव्हिन्याँ ब्लाँक या पांढऱ्या वाइनमध्ये पेरूचा वास बऱ्याचदा सापडतो, शिराझ या लाल वाइनमध्ये मिरीचा. पांढरी वाइन फ्रिजमधून दहा मिनिटं आधी काढा, फार गार असली की वास दबतो. आणि शेजारी बांगडा तळत असेल तर खेळ पुढं ढकला.

परवा एक ताई हळूच म्हणाल्या, "मला बाई कोकमाच्या आगळासारखी लागली." आंबटपणाचं इतकं नेमकं वर्णन आमच्या एकाही जाणकाराला जमलं नव्हतं. असं काही आलं की दुरुस्त करू नका, "अजून काय?" एवढंच विचारा.

कुणाला फक्त हुंगायचं असेल तर घोटाचा आग्रह नको. आणि महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ आहे, ती पाळा.