सोनोग्राफीत ‘गाठ’ निघाली? या चुका टाळा

गर्भाशयाच्या किंवा बीजकोषाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी सेंटिमीटरवर जाते. ‘पाच सेंटिमीटरची गाठ आहे म्हणे,’ आणि घरात रडारड. माप लागतंच, पण त्याआधी बघायचं असतं ते गाठ नेमकी कुठे आहे आणि आतून कशी आहे.

फायब्रॉइडचंच, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतल्या साध्या गाठीचंच घ्या. जागेनुसार त्याचे 0 ते 8 असे प्रकार आहेत. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेची ही पद्धत 2011 सालची. 0 म्हणजे देठाने गर्भाशयाच्या पोकळीत लोंबणारा, 1 आणि 2 पोकळीत डोकावणारे, 3 आणि 4 भिंतीतले (3 गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला टेकलेला), 5 ते 7 बाहेरच्या अंगाचे, 8 म्हणजे गर्भाशयमुखासारख्या इतर जागांचे. दीड सेंटिमीटरचा 1 नंबर दर पाळीला इतकं अंगावरून घालवू शकतो की हिमोग्लोबिन घसरत जातं. सहा सेंटिमीटरचा 6 नंबर वर्षानुवर्षं गप्प बसलेला असू शकतो. शिवाय 0 आणि 1 सहसा खालच्या मार्गाने, दुर्बिणीने निघतात, पोटावर टाका पडत नाही. रिपोर्टात नुसतं ‘फायब्रॉइड’ लिहिलं असेल तर प्रकार विचारून घ्या. आणि कडा स्पष्ट दिसत नसेल तर तो अ‍ॅडिनोमायोसिसही, म्हणजे अस्तर गर्भाशयाच्या भिंतीत शिरल्याने आलेला फुगवटाही असू शकतो. फायब्रॉइड सोलून निघतो, हा भिंतीत मुरलेला असतो. शंका असेल तर एमआरआय ऑपरेशनच्या आधी करायचा.

बीजकोषाकडे वळू. पाळी चालू असलेल्या बाईच्या बीजकोषात तीन सेंटिमीटरपर्यंतचा पाण्याचा फुगा हा बहुतेक वेळा त्या महिन्याचं बीजच. पाळीच्या आधीच्या दिवसांत सोनोग्राफी केली तर आत रक्त साचलेला फुगा भलताच भीतिदायक दिसतो. सहा ते आठ आठवड्यांनी, पाळी संपल्या संपल्या पुन्हा बघितला तर बहुतेकदा तो गेलेला असतो. पीसीओएसमधले (हार्मोन्सच्या बिघाडाने पाळी लांबण्याच्या त्रासातले) ‘सिस्ट’ तर गाठी नव्हेतच, अर्धवट वाढलेली बीजं ती. मात्र फुग्यात घट्ट भाग, जाड पडदे किंवा पोटात पाणी दिसलं तर थांबायचं नाही.

सीए-125 या रक्ततपासणीवर विसंबणं ही सगळ्यात महागडी चूक. मर्यादा 35 ची, पण चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे जुनं रक्त साचलेली बीजकोषातली गाठ), फायब्रॉइड, गरोदरपण, अगदी पाळीमुळेही आकडा वर जातो. पोटाच्या टीबीत तो शेकड्यांत गेलेला सापडतो. उलट बीजकोषाच्या कर्करोगाच्या पहिल्या टप्प्यात जवळपास निम्म्या बायकांचा आकडा सरळ नॉर्मल असतो. कोवळ्या वयातल्या मुलींच्या घट्ट गाठीला रक्ताच्या तपासण्याच वेगळ्या: एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच.

‘सुई टाकून पाणी काढून टाका ना,’ असा हट्ट संशयास्पद गाठीसाठी धरू नका. आत कर्करोग असेल तर पेशी पोटात सांडतात.

पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला एक डाग दिसला तरी तो ‘उष्णतेचा’ नसतो. अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर बायोप्सी हवीच. पाळी गेल्यावर फायब्रॉइड आकसायला हवा. वाढत असेल तर लगेच दाखवा.

शेवटचं, ऑपरेशननंतरचं. काढलेल्या गाठीची बाटली बरेचदा नातेवाइकांच्याच हातात देऊन लॅबला पाठवतात. ‘गाठ तर निघाली, आता कशाला तपासायची’ म्हणून ती मागे ठेवू नका. गाठीचं खरं नाव तिथेच ठरतं.