मॉड्युलर छोटं बांधकाम आणि नैसर्गिक साहित्य: सांध्यावर होणाऱ्या या चुका टाळा

बांबू, दाबून केलेल्या मातीच्या विटा, चुना, प्लायवूड यांतून छोटी मॉड्युलर खोली उभी केली की तक्रारी बहुतेक सांध्यांवरच निघतात. मॉड्युलर पद्धतीत तयार सुटे भाग (मॉड्युल) जागेवर जोडतात, म्हणून तिला सगळं एका मापाचं लागतं. नैसर्गिक साहित्य मात्र दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि मुळातच एकसारखं नसतं. हा तंटा आराखड्यात मिटवला नाही तर जागेवर पाचरी, फोम आणि सिलिकॉन ओतून मिटवावा लागतो. मग त्या बांधकामाला पर्यावरणपूरक म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही.

साहित्य न बघता ग्रिड ठरवणं

प्लायवूडची शीट १२२० × २४४० मिमीची. ग्रिड, म्हणजे आराखड्यातलं पुन्हा पुन्हा येणारं ठरावीक माप, ६५० मिमीचं धरलं तर शीटच्या रुंदीत एकच तुकडा बसतो आणि साधारण ५६७ मिमीची पट्टी उरते. ६०० धरलं तर दोन तुकडे निघतात, करवतीच्या कापाला आणि कडा साफ करायलाही जागा राहते. २४४० चे चार भाग म्हणजे प्रत्येकी ६१० हा हिशेब फसतो. तीन कापांत प्रत्येकी ३ मिमी जातात, त्यामुळे तुकडा जेमतेम ६०७ चा मिळतो.

विटांचंही तसंच. २९० × १४० × ९० मिमीची वीट आणि १० मिमीचा सांधा धरला की ३०० × १५० × १०० चं माप बसतं. पण खिडकीचा गाळा, म्हणजे भिंतीत सोडलेली मोकळी जागा, १२०० चा काढला की विटा तोडाव्या लागतात. गाळा १२१० चा हवा, म्हणजे १५० ची पट अधिक एक सांधा. सुट्या भिंतीची लांबी याच्या उलट, १५० ची पट वजा एक सांधा. जुनी दारं-खिडक्या वापरायच्या असतील तर त्या आधी आणून मोजा आणि गाळे त्यावरून काढा.

आधीच्या पॅनेलवरून पुढचं माप घेणं

प्रत्येक पॅनेल २ मिमी जास्त निघालं तर दहाव्या पॅनेलपर्यंत २० मिमी साचतात आणि शेवटचं बसत नाही. मग त्याचीच कड तासली जाते. खरा उपाय जोत्यावर आहे. टेप एकाच कोपऱ्यात शून्यावर धरून ०, १२००, २४००, ३६०० अशा खुणा करा आणि प्रत्येक पॅनेल आपापल्या खुणेवर लावा. १२०० च्या ग्रिडसाठी पॅनेल ११९६ चंच बनवा. उरलेल्या ४ मिमीत दबणारी पट्टी बसते, कॉर्कची किंवा लोकरी नमद्याची. पावसाळ्यात पॅनेल फुगतं ते याच फटीत.

काटकोन तपासायला गुण्या पुरत नाही, कर्ण मोजा. ३.६ × ४.८ मीटरच्या खोलीचे दोन्ही कर्ण ६ मीटर यायला हवेत. फरक ५ मिमीच्या वर असेल तर पुढे जाऊ नका. दोन पॅनेलमधली फट वर रुंद आणि खाली बंद दिसत असेल तर दोष पॅनेलचा नसतो, जोतं उंचसखल असतं. पॅनेल न तासता खाली पाचर देऊन सरळ करा, ओळंबा बघा, मग खालची जागा मसाल्याने भरा.

मसाल्याविना कोरड्या रचायच्या इंटरलॉकिंग, म्हणजे एकमेकींत अडकणाऱ्या विटांत हे आणखी जाचतं. उंचीत १ मिमीचा फरक २४ थरांनंतर २४ मिमी होतो. त्यामुळे विटा उंचीप्रमाणे वेगळ्या लावून घ्या आणि निदान पहिला थर तरी मसाल्यावर, पाण्याच्या नळीने पातळी बघून बसवा.

मातीत जास्त सिमेंट म्हणजे जास्त ताकद, हा समज

वाळूचं प्रमाण बऱ्यापैकी असलेल्या मातीला वजनाने ५ ते ८ टक्के सिमेंट पुरतं. चिकणमाती जास्त असेल तर सिमेंट वाढवू नका, चुना वापरा किंवा वाळू मिसळा. ओलावा बघायला मुठीत गोळा दाबून खांद्याच्या उंचीवरून टाका. चार-पाच तुकडे झाले तर ठीक, भुगा झाला तर पाणी कमी, नुसता चपटा झाला तर जास्त. पाणी घातलेलं मिश्रण तासाभरात संपवा. विटा पहिले काही दिवस झाकून, पुढे पाणी मारत २८ दिवस ठेवा. कोपरे ढासळत असतील तर बहुतेक वेळा घाई झालेली असते.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. आत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडत नाही आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. टकटक केल्यावर पोकळ वाजेल तो भाग काढा, भिंत वाळू द्या, मग १ भाग चुना ३ भाग वाळू असे दोन हात द्या, प्रत्येक सुमारे १० मिमीचा.

कच्चा किंवा प्रक्रिया न केलेला बांबू

खांबाखाली बारीक पिवळट भुकटी आणि बांबूवर सुईएवढी भोकं दिसली तर भुंगेरे लागलेत. वरून वार्निश मारून काही होत नाही, तो बांबू बदला. तोडायला ३ ते ५ वर्षांचा बांबू घ्या. आतल्या गाठी लांब सळईने फोडून तो आठ-दहा दिवस द्रावणात बुडवा. ५० लिटरला ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड हे नेहमीचं प्रमाण आहे. हे द्रव्य पावसात धुऊन जातं, म्हणून छपराचा पुढावा ६०० ते ९०० मिमी ठेवा आणि खांबाचा पाय जमिनीपासून किमान ३०० मिमी वर.

खिळा मारू नका, बांबू चिरतो. गाठीजवळ भोक पाडून बोल्ट घाला. बोल्ट आवळताना कांडं चेपत असेल तर त्या कांड्यात आधी सिमेंट-वाळूचा १:३ चा मसाला भरून घ्या.

सुटं होईल असं म्हणायचं, पण बोल्ट झाकून टाकायचा

बोल्ट आतल्या आवरणामागे झाकला गेला की मॉड्युल सुटत नाही, फोडावंच लागतं. पाना फिरेल एवढी जागा आणि वर उचकटता येणारी पट्टी ठेवा. वजनही आधी काढा. १८ मिमीची एक पूर्ण शीट साधारण ३५ किलो भरते. दोन्ही बाजूंना शीट, मध्ये चौकट आणि भरण धरलं तर पॅनेल सहज शंभर किलोच्या पुढे जातं, दोन माणसांना पेलत नाही.

नळाची पाइप दोन मॉड्युलच्या सांध्यातून नेऊ नका. स्वयंपाक आणि न्हाणी एकाच मॉड्युलमध्ये ठेवली तर तसं करायची वेळच येत नाही.