दशमांश कसा काढायचा आणि हंगामाच्या सणाला काय न्यायचं

आमच्या मिरजेकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी कोणतरी नवीन लग्न झालेलं जोडपं विचारतं की दशमांश, म्हणजे कमाईतला देवाला द्यायचा दहावा हिस्सा, नक्की कशाचा काढायचा, हातात येणाऱ्या पगाराचा का पीएफ कापायच्या आधीचा, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी काय पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही, हळद आणि थोडा ऊस करणारा माणूस आहे.

पहिलं म्हणजे, आधी काढायचं. उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही, चार वर्षं करून बघितलंय. बँकेचा मेसेज आला की त्याच दिवशी दहावा हिस्सा बाजूला, किराणा आणि हप्ते नंतर, 24 हजार आले तर 2,400. पीएफच्या आधी का नंतर यावर लोक लय वाद घालतात, मला विचाराल तर ज्यानं मन खात नाही ते धरा. आमच्यात बायको मसाल्यांच्या मागं एका स्टीलच्या डब्यात ठेवते आणि त्यातनं गॅससाठी पण उसने घ्यायचे नाहीत. एकदा घेतले होते, फेडायला नाताळ उजाडला.

शेतीचं जरा किचकट आहे. अख्ख्या बिलाचा दहावा हिस्सा काढला तर खतवाल्याची उधारी कोण भागवणार, म्हणून पिकाचा खर्च वजा करायचा. समजा उसाचं बिल 3 लाख, बेणं, खत, पाणीपट्टी, मजुरी मिळून 1 लाख 70 हजार गेले, राहिले 1 लाख 30 हजार, त्याचे 13 हजार. घरखर्च मात्र यात घालायचा नाही, पोरीची फी आणि मोबाईलचा रिचार्ज वजा करत बसलात तर देवाच्या वाट्याला भोपळाच. बिल कायद्यानं 14 दिवसांत यायला पाहिजे, येतंय हप्त्याहप्त्यानं, मग दशमांश पण तसाच, आलेल्या हप्त्यातनं. हळदीचा हिशोब वाळल्यावर करा, ओली 100 किलो शिजवून वाळवली की 20 किलोच्या आसपास भरते.

आता हंगामाचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानून चर्चमध्ये अर्पण द्यायचा सण. इथं पैसे नको, पिकवलेलं न्या, आणि त्यातलं चांगलं न्या. एका वर्षी मी निवडक हळकुंडं बाजारात पाठवली आणि सणाला कणी नेली, वर छान कापड झाकून. नेमकं त्याच रविवारी पाळकांनी बायबलातल्या मलाखीचा पहिला अध्याय काढला, आंधळं लंगडं जनावर वेदीवर आणणाऱ्यांचा, मी मान वर केली नाही. तेव्हापासून पॉलिशवरनं पहिलं पोतं आलं की त्यातली पायलीभर आधी बांधून ठेवतो. शेत नसलं तर घरच्या लोणच्याची बरणी, अंडी, कुंडीतल्या मिरच्या, काहीही चालतं. मार्काच्या शुभवर्तमानात 12व्या अध्यायातल्या गरीब विधवेनं दानपेटीत दोन टोल्याच, म्हणजे अगदी बारकी नाणी, टाकल्या होत्या की.

आणि हातात खरंच काही नसेल तर जे येतं ते द्या. पेटी येते, पेटी वाजवा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला जाऊन देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला, त्यांच्याकडं द्यायला कविता आणि कीर्तन होतं, तेच दिलं. आपण निदान महिन्यातनं एक रविवार संडेस्कूलच्या पोरांना तरी सांभाळू शकतो, ते पण सोपं नाही म्हणा.

देताना मनात एकच वाक्य ठेवा, दावीद राजा देवाला म्हणाला तसं, तुझ्याच हातचं घेऊन तुला दिलं, बायबलात 1 इतिहास 29:14. बोर्डावर नाव लागलं नाही म्हणून रुसायचं नाही. पावती मात्र घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हिशोब मंडळीचा पण सरळ राहतो.

सणाच्या उपासनेनंतर अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव असतो, त्याला 100, 200 सुट्टे घेऊन या. एकच भोपळा तीनदा विकला जातो, घेणारा परत अर्पण करतो आणि बोली नव्यानं सुरू. आमच्या आईनं गेल्या खेपेला स्वतःच दिलेला लाल भोपळा शेवटी 350 ला सोडवला, म्हणाली, दुसऱ्याच्या घरात जाताना बघवंना. संध्याकाळी त्याच्याच घाऱ्या केल्या आणि पाळकांच्या घरी डबा पाठवला.